गवताचे बी मोडीत काढण्याची रीत

इंदूरच्या बायपासपलीकडे आपली चार-सहा बिघे जमीन असेल आणि आपण तीत अजूनही बरसीम ह्या चाऱ्याच्या पिकाचे बी धरत असाल, तर हा वेडेपणा किती बेताने सोडता येतो, हे आपणांस सांगितलेच पाहिजे.

ह्या धंद्याला मुळात प्रतिष्ठा नाही. घमेल्यात मिठाचे पाणी करून त्यात बी ओतावे, वर तरंगणारे कासनी ह्या तणाचे हलके बी ओंजळीने काढून फेकावे, तळाशी बसलेले धुऊन ऑक्टोबरात पेरावे, थंडीभर कापण्या घेऊन चारा विकावा आणि मार्चअखेर विळा आवरून पीक फुलावर सोडावे. पुढची सगळी मदार मधमाश्यांवर, कारण त्या फिरकल्या नाहीत तर बी भरत नाही. सहा-सात महिन्यांची खटपट एका माशीच्या हवाली करणाऱ्या माणसाने सोयरिकीच्या बैठकीत काय तोंड दाखवावे? अंजन गवताचा विचार तर मनातही आणू नये. त्याचे बी एकदम पिकत नाही आणि पिकले की झडते, म्हणून तेच शेत पुन्हा पुन्हा हाताने ओरबाडावे लागते. झाशीला 1962 पासून गवत व चाऱ्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे खरी, पण तिने अद्याप एकही थ्री बीएचके विकसित केलेला नाही.

तेव्हा जमिनीचे डायव्हर्शन करून, म्हणजे ती बिनशेती करून, कॉलनी कापावी. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, त्यामुळे पायाखाली ती चालत नाही. ती उकरून ट्रॉलीने बाहेर काढावी व खड्ड्यात मुरूम भरावा. घरे उभी राहिली की बागेसाठी तीच माती ट्रॉलीच्या भावाने परत आणावी. (दोन्ही खेपांचे भाडे आपणच द्यावे, हे सांगणे न लगे.)

मग लॉन. ते सतरंजीसारखे चौरस फुटावर मिळते. उत्तम लॉनचे लक्षण असे की त्याला कधी बी येता कामा नये. तुरा दिसण्याच्या आत मशीन फिरवावे. लॉनसाठी लावतात त्या संकरित बर्मुडाच्या कित्येक जातींना तर बी धरतच नाही, म्हणजे आपल्या घराण्याची पिढीजात पीडा मुळापासूनच मिटली. बर्मुडा ह्या नावाने दबकून जाऊ नये. जी हरळी खणता खणता आपल्या आजोबांची कंबर वाकली, तिचाच हा संकर आहे. आजोबा तिला बांधावर फेकत, आपण तिला स्प्रिंकलरने पाणी घालावे.

अडचण येते ती भाद्रपदात. गणपतीला ह्याच हरळीच्या 21 दूर्वा लागतात आणि बोटभर उंचीच्या लॉनमधून तीन पानांचा कोंब काही खुडता येत नाही. शिवाय ‘गवताला हात लावू नये’ ही पाटी सोसायटीच्या बैठकीत आपणच मंजूर केलेली असते. अशा वेळी सकाळी लवकर गाडी काढून राजवाड्यापाशी जावे. तिथे टोपली घेऊन बसलेल्या बाईंकडून जुडी घ्यावी, रीतीप्रमाणे भावात घासाघीसही करावी. मात्र ह्या दूर्वा कोणाच्या बांधावरून आणल्या, एवढे विचारू नये.