नशीब नव्हे, गोदीतल्या कामगारांची मेहनत

दुसऱ्या महायुद्धातली जपानविरुद्धची मिडवेची समुद्री लढाई अमेरिकेने ‘पाच मिनिटांच्या नशिबावर’ जिंकली, हे तुमच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. कोरल समुद्रात बॉम्ब खाऊन आलेल्या यॉर्कटाउन या अमेरिकी विमानवाहू जहाजाच्या दुरुस्तीला तीन महिने लागतील असा अंदाज होता. पर्ल हार्बरच्या गोदीतल्या सुमारे १,४०० कामगारांनी रात्रंदिवस खपून तिला तीन दिवसांत पुन्हा समुद्रात धाडलं. ४ जून १९४२ ला सोर्यू ही जपानी विमानवाहू पेटवली ती यॉर्कटाउनच्याच विमानांनी! मी २६ वर्षं गोदीत वेल्डिंग केलंय. बंद टाकीत, तापलेल्या पत्र्यावर गुडघे टेकून, धुरात अर्धा तास काढला तरी जीव कासावीस होतो. त्या माणसांचा लेखात एका ओळीनेही उल्लेख नसावा, याचं फार वाईट वाटलं.

चार विमानवाहू जहाजांबरोबर जपानने अनुभवी मेकॅनिकही गमावले, हे मात्र तुम्ही नेमकं लिहिलंत.