काजळी, तुडतुडे आणि ‘लेखकाने बाग पाहिली आहे का?’

‘एक बागायतदार’ यांस,

आंब्याच्या पानांवर धरणाऱ्या काजळीबद्दल मी लेख लिहिला होता, त्यावरची आपली प्रतिक्रिया वाचली. इतरांच्या माहितीसाठी ती आधी जशीच्या तशी देतो: ‘झाडं काळी पडली तरी बुरशीनाशक मारू नका म्हणे! लेखकाने बाग कधी पाहिली आहे का? ऐन फुलोऱ्यात फवारणी टाळा म्हणता, मग करप्याचं काय करायचं? फोटोही धड दिसत नाही.’

फोटोचं मान्य. मळभ असताना मोबाइलवर काढलाय, बदलतो.

पण हा सूर कशासाठी? पटलं नाही तर तसं सांगावं, मी काही कुणाला खात नाही. बाग पाहिली आहे का! अहो, देवगडच्या कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले, बाहेरून माती आणून भरली, तेव्हा कुठे आमची हापूसची कलमं उभी राहिली. शाळेत असल्यापासून वडिलांमागे फवारणीची नळी ओढत फिरलोय. पहाटेच्या दवात गंधकाची पूड धुरळताना डोळ्यांची काय आग होते, ते मला आपण विचारावं?

आता काजळी. दिसायला ती भयंकर, पण पानाच्या आत शिरत नाही. तुडतुडे हे बारीक किडे मोहोराचा आणि कोवळ्या पालवीचा रस पितात, अंगातून गोड चिकटा टाकतात. तो खालच्या पानांवर सांडतो आणि त्यावर ही काळी बुरशी माजते. विश्वास नसेल तर आपल्याच बागेतलं एक काळं पान ओल्या फडक्याने पुसून बघा. खाली हिरवंगार निघेल. करपा हा मात्र पानात शिरणारा बुरशीचा रोग, त्याचा डाग पुसून बघा बरं! तिथलं पानच मेलेलं असतं, पुढे वाळून भोक पडतं. भुरी आणखी वेगळी, मोहोरावर पीठ भुरभुरल्यासारखी. तिला गंधक लागू पडतं. तुडतुडे तसेच ठेवून काजळीवर बुरशीनाशक मारलंत, तर औषध, डिझेल, मजुरी सगळं पाण्यात. आधी तुडतुडे आवरा, दाटी झालेल्या फांद्या काढून उजेड आत येऊ द्या. काळी पानं फारच खुपत असतील तर स्टार्चची पातळ खळ फवारा. ती वाळली की पापुद्रे सुटतात आणि काजळी त्यांच्याबरोबरच निघते. हे सगळं लेखात होतं. वाचायचे कष्ट मात्र घ्यावे लागतात.

राहता राहिला करपा. तो माझ्या लेखाचा विषयच नव्हता. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मोहोर संरक्षणाचं वेळापत्रक आहे, ते काढून बघा. फुलोऱ्यात फवारणी टाळा असं लिहिलं ते परागीभवन करणाऱ्या माश्यांसाठी. एवढं तरी बागायतदार म्हणवणाऱ्याला सांगायला लागू नये.

आणि हो, पुढच्या वेळी स्वतःच्या नावाने लिहा. मी माझ्या नावाने लिहितो.