लूपबॅक पास, तरी प्रोजेक्टर ढिम्म का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची तक्रार रास्त रागातून आलेली आहे, म्हणून दोन ओळींत उरकत नाही. नंतर वाचणाऱ्यांसाठी ती थोडक्यात अशी: सांगलीत विश्रामबागच्या घरी एप्सनचा प्रोजेक्टर सिरियल केबलने चालवायचा होता. मेहुण्यांच्या कुपवाड एमआयडीसीतल्या वर्कशॉपमधून लॅपटॉप आणि यूएसबी कन्व्हर्टर आणला. माझ्या लेखातली लूपबॅक टेस्ट (लॅपटॉपने पाठवलेली अक्षरं त्यालाच परत मिळतात का, हे बघणं) पास झाली, तरी प्रोजेक्टर ढिम्म. सरळ केबल घेतली, मग क्रॉस (२ आणि ३ नंबरच्या तारा अदलाबदल केलेली) घेतली, दोन्ही पडून आहेत. "टेस्ट पास होऊन उपयोग काय? आणि सीईसी (एचडीएमआय केबलमधूनच उपकरणं चालू-बंद करणं), वायफायच्या जमान्यात हे १९६० सालचं लोढणं लोकांच्या गळ्यात का बांधता?" असा तुमचा सवाल आहे.

तुम्ही जाता जाता लिहिलेली एक ओळ सगळ्यात मोलाची आहे: "सेटिंग मशीनला लागतं तेच ठेवलं, ७ बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप." म्हणजे एका अक्षराचे बिट किती, चूक पकडायचा जादा बिट कसा आणि अक्षर संपल्याची खूण किती. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या कंट्रोलरला बऱ्याच ठिकाणी हेच लागतं आणि मेहुण्यांचं काम त्यावर रोज बिनबोभाट चालत असणार. एप्सनला मात्र ९६०० स्पीड, ८ बिट, पॅरिटी नाही आणि १ स्टॉप लागतो. माझ्या मते घोडं इथंच अडलंय, केबलीत नाही.

मग लूपबॅक पास कशी झाली? कन्व्हर्टरच्या सिरियल टोकाची २ आणि ३ नंबरची पिन जोडली की लॅपटॉप स्वतःच बोलतो आणि स्वतःच ऐकतो, विहिरीत हाक मारून आपलाच आवाज ऐकावा तसा. दोन्हीकडे एकच सेटिंग, म्हणून ते चुकीचं असलं तरी अक्षरं बरोबर परत येतात. ही टेस्ट ड्रायव्हर, कन्व्हर्टर आणि पोर्ट नंबर ठीक असल्याचं सांगते, त्यापुढचं काही सांगत नाही. पण तेवढं कळणंही थोडं नाही, कारण तुमचा कन्व्हर्टर आता संशयातून सुटला. (टर्मिनल प्रोग्राममधला लोकल एको, म्हणजे टाइप केलेलं स्वतःच दाखवणं, बंद होता ना, एवढं तपासा. तो चालू असेल तर पिना न जोडताही अक्षरं दिसतात.)

"आज्ञा चुकली असती तर निदान ईआरआर (ERR, चुकीची खूण) तरी आलं असतं, इथे काहीच येत नाही," हा तुमचा मुद्दा बिनतोड आहे आणि त्याचं उत्तरही त्या पॅरिटीतच आहे. इव्हन पॅरिटीत ७ बिटांमधले १ चे आकडे मोजले जातात. ते विषम निघाले, तर त्यांच्यापाठोपाठ जाणारा पॅरिटीचा बिट १ करून संख्या सम केली जाते. आज्ञा संपली हे प्रोजेक्टरला कळतं ते एंटरवरून. एंटरचा कोड १३, म्हणजे ०००११०१. त्यात १ चे आकडे तीन, विषम. म्हणून पॅरिटीचा बिट १ होतो. प्रोजेक्टरला पॅरिटी ठाऊकच नाही, तो ते आठही बिट मजकूर म्हणून वाचतो आणि १३ च्या जागी त्याला १४१ दिसतो. चालू-बंद विचारणाऱ्या 'पीडब्ल्यूआर?' (PWR?) या आज्ञेमधले 'पी' आणि प्रश्नचिन्ह धड पोचतात, कारण त्यांच्यात १ चे आकडे सम आहेत. 'डब्ल्यू' आणि 'आर' वाटेत बिघडतात. पण खरा घोळ एंटरचा. तो पोचतच नाही, त्यामुळे प्रोजेक्टरच्या लेखी आज्ञा अजून संपलेलीच नाही. मग तो ईआरआर तरी कशाला देईल?

आता करायचं असं. पुट्टी या टर्मिनल प्रोग्राममध्ये नवं सेशन करा: ९६००, ८, १, पॅरिटी नन, फ्लो कंट्रोलही नन. मेहुण्यांचं सेशन बदलून सेव्ह करू नका, नाहीतर उद्या मशीनवर प्रोग्राम चढणार नाही. प्रोजेक्टर रिमोटने चालू करा, दिवा पूर्ण स्थिर होऊ द्या, मध्येच आज्ञा पाठवू नका. सीलिंगमधून ओढलेली लांब केबल सध्या राहू द्या, लॅपटॉप प्रोजेक्टरशेजारीच न्या. मग नुसतं एंटर दाबा. एप्सन नुसत्या एंटरलाही कोलन परत पाठवतो. कोलन दिसला की 'पीडब्ल्यूआर?' टाइप करून पुन्हा एंटर.

सरळ की क्रॉस, हे अंदाजाने ठरवायचं नसतं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, केबल काढा. काळी प्रोब ५ नंबरवर, लाल आधी २ वर, मग ३ वर. जी पिन उणे ५ ते उणे १२ च्या आसपास दाखवेल ती त्या उपकरणाची बोलायची पिन. हेच लॅपटॉपच्या टोकाला करा, पुट्टीत पोर्ट उघडा ठेवून. दोघांची बोलायची पिन एकाच नंबरची निघाली तर क्रॉस, वेगळी निघाली तर सरळ. म्हणजे तुमच्या दोनपैकी एक केबल नक्की कामी येईल.

आता लोढण्याबद्दल. सीईसीने तुमचं भागत असेल तर जरूर वापरा. पण आपल्याकडे पिक्चर चालू असताना लाइट जाते, परत येते, आणि अॅम्प्लिफायर चालू, प्रोजेक्टर बंद अशी अवस्था होते. रिमोटचा सिग्नल एकदा सुटला की पलीकडे काय झालं ते कळत नाही. सिरियलवर प्रोजेक्टरला विचारता येतं आणि तो उत्तर देतो: ०१ म्हणजे चालू, ०२ म्हणजे दिवा तापतोय, ०३ म्हणजे थंड होतोय. त्या उत्तरावर पुढची आज्ञा द्यायची की थांबायचं हे ठरवता येतं. त्यात राउटर लागत नाही, पासवर्ड लागत नाही, अॅप अपडेट झालं म्हणून काही बिघडत नाही. एवढ्यासाठी मी हे मनापासून लिहितो आणि लिहीत राहणार.

कोलन आला तर तसं कळवा. नाही आला, तर दोन्ही टोकांचे मल्टिमीटरचे आकडे इथेच लिहा: कुठली पिन, किती व्होल्ट, उणे की अधिक. त्यावरून पुढचं सांगतो. तोवर तिसरी केबल घेऊ नका.