आभासी गावात बिऱ्हाड करणाऱ्यांस सूचना

ऑनलाइन खेळाच्या जगात मुक्काम ठोकण्याचा आपला विचार असेल, तर तेथे कोणाशी मैत्री करू नये. खेळाचा प्रोग्राम, नकाशे, राक्षसांची चित्रे हे सारे कॉपीराइटखाली येते आणि त्याला मालक असतो. दर शनिवारी रात्री एकाच मोहिमेवर निघणारी चाळीस माणसे मात्र कोणत्याच कलमात बसत नाहीत, त्यामुळे त्यांच्याविषयी जिव्हाळा बाळगणे कायदेशीरदृष्ट्या अनाठायी आहे.

जुने गाव आठवले, तरी ते परत मागू नये. ब्लिझार्ड कंपनीच्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळाने २०१० मध्ये आपले जुने प्रदेश पार बदलून टाकले, तेव्हा २००४ चे मूळ रूप पैसे मोजूनही मिळेनासे झाले. मिळत नाही म्हणून स्वतः उभारणे हा तर शुद्ध आगाऊपणा. फ्रान्समधील काही हौशी मंडळींनी तो केला. जुना खेळ चालवणारा त्यांचा ‘नॉस्टॅलरियस’ हा सर्व्हर (खेळाडूंना जोडणारा संगणक) २०१५ मध्ये सुरू झाला आणि त्यांच्याच सांगण्यानुसार तेथे दीड लाख माणसे नियमित खेळू लागली. ब्लिझार्ड कंपनीच्या वकिलांचे पत्र आले आणि १० एप्रिल २०१६ रोजी तो बंद झाला. कायदा कंपनीच्याच बाजूने होता, यात शंका नाही. शेवटच्या घटकेला खेळाडू जथ्याने जमले. आपण मात्र अशा वेळी सभ्यपणे लॉग-आउट करावे, गर्दीने सर्व्हरवर ताण येतो.

आपल्याला काय हवे, हेही आपण ठरवू नये. २०१३ मध्ये चाहत्यांच्या मेळाव्यात कोणी जुन्या सर्व्हरविषयी विचारले, तेव्हा ‘तुम्हाला हवे आहे असे वाटते, पण तसे नाही’ अशा आशयाचे उत्तर या खेळाचे एक निर्माते जे. ॲलन ब्रॅक यांनी दिले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये तेच जुने जग कंपनीने मासिक वर्गणीवर खुले केले. मधल्या काळात लोकांची आवड एकाएकी कशी सुधारली, याचे श्रेय अर्थातच कंपनीला द्यावे.

(‘सिटी ऑफ हीरोज’ हा दुसरा एक ऑनलाइन खेळ २०१२ मध्ये बंद पडल्यावर काहींनी तो गुपचूप चालू ठेवला, २०१९ मध्ये बिंग फुटले आणि त्यानंतर चाहत्यांनी उभारलेल्या ‘होमकमिंग’ सर्व्हरला २०२४ मध्ये रीतसर परवाना मिळाला. हे उदाहरण वाचून लगेच विसरावे.)

एवढे करूनही आठवण छळत असेल, तर अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाच्या शिफारशीवरून २०१८ मध्ये मिळालेली सवलत वापरावी. सर्व्हरचा प्रोग्राम कायदेशीर मार्गाने हाती आला असल्यास ग्रंथालये व संग्रहालये बंद पडलेला ऑनलाइन खेळ जतन करू शकतात, मात्र लोकांना तो त्यांच्या इमारतीतच खेळता येतो. तेव्हा जगभर पांगलेल्या सोबत्यांनी व्हिसा काढून अशा एखाद्या संग्रहालयात जमावे, आणि ते बंद होण्याच्या वेळेआधी राक्षस मारून मोकळे व्हावे.