‘दहाच्या वर गेलं की फोडा’ म्हणे!

धाकट्या भावाला नोकरी लागून सहा महिने झाले. परवा त्याने मला स्वतःचा कोड दाखवला आणि तसा का लिहिला म्हणून विचारलं, तर एक फिरता मेसेज पुढे केला: ‘सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी १० च्या वर गेली की फंक्शन फोडा. इफ-एल्सऐवजी टर्नरी वापरा, आकडा उतरतो. स्कोअर हिरवा म्हणजे बग नाहीत.’ (हा आकडा म्हणजे फंक्शनमध्ये इफ, केस वगैरेंमुळे किती ठिकाणी वाट फुटते ते, अधिक एक. टर्नरी म्हणजे एका ओळीतलं इफ-एल्स.) हाच मेसेज मला याआधी तिघांनी पाठवलाय. तेव्हा गप्प बसले. आता घरातच आलाय.

आधी ते फोडणं. ऑर्डरच्या स्टेटसवरून ग्राहकाला दाखवायचा मजकूर देणारं एक फंक्शन होतं. एकच स्विच, म्हणजे स्टेटसप्रमाणे वाट निवडणारी रचना, त्यात बारा केस, आकडा १३. एकदा नजर फिरवली की संपलं. याने चार-चार केसची तीन फंक्शनं केली आणि त्यांतलं कुठलं बोलवायचं ते ठरवायला दोन इफवालं चौथं. तिघांचे प्रत्येकी ५, चौथ्याचे ३. टूल हिरवं, पठ्ठ्या खूश! पण बेरीज १३ ची १८ झाली, आणि ‘रिफंड झाला’ हा मजकूर कुठून येतो ते शोधायला आता दोन फायली उघडायच्या. उद्या तेरावं स्टेटस आलं तर ते कुठल्या तुकड्यात घालायचं? त्यालाच सांगता येईना.

दहाची मर्यादा ज्यांच्या नावावर खपवतात, त्या थॉमस मॅकेब यांनी १९७६ च्या मूळ पेपरातच ती वाजवी आहे, जादूची नाही, असं म्हटलंय. मोठ्या केस स्टेटमेंटला तर तिथेच सूट दिलीय. म्हणजे भावाचं आधीचं फंक्शन खुद्द मॅकेबनी पास केलं असतं!

टर्नरीचं काय बोलणार? मोजतात त्या फांद्या, ओळी नव्हेत. ईएसलिंट हे जावास्क्रिप्ट कोड तपासणारं टूल टर्नरी धरतंच, वर अँड-ऑरही मोजतं. आणि हिरवा स्कोअर? ‘पेक्षा मोठं’च्या जागी ‘पेक्षा लहान’ लिहा, आकडा जागचा हलत नाही.

बरं, एवढं मान्य: आकडा ४० दिसला तर फंक्शन उघडून बघावंच. टेस्ट किती लागतील याचाही अंदाज येतो. पण फॉर्म तपासणाऱ्या पाच पातळ्या खोल इफमध्ये चूक दिसताच आधीच रिटर्न केलं, तर वाचणं सोपं होतं आणि मॅकेबचा आकडा तोच राहतो. इफमधल्या इफची ती खोली कोड तपासायची टूलं बनवणाऱ्या सोनार कंपनीच्या कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटीत, म्हणजे कोड समजायला किती जड याच्या मापात, धरतात. तिथे अख्ख्या स्विचला १.

जुनं फंक्शन परत आलंय. वर त्या एका जागी ईएसलिंटला गप्प करणारी कॉमेंट आहे, कारणासकट.