वाघोबाचा चढ

रूळ उखडून केलेल्या सायकलवाटेवर चढ नसतोच, असे मित्राने सांगितले आणि त्यामागचे शास्त्र ऐकून मला ते पटले. लोखंडी चाके लोखंडी रुळांवरून तीव्र चढ चढू लागली की जागच्या जागी घसरतात, म्हणून रेल्वेचे अभियंते डोंगराला वळसे घालत, दऱ्यांवर पूल बांधत आणि चढ बेताचा ठेवत. न्यूझीलंडमधील ओटागोची जी रेल्वे 1990 मध्ये बंद झाली आणि जिच्या जागी 2000 साली क्लाइड ते मिडलमार्च अशी 152 किलोमीटरची वाट खुली झाली, तिच्यावरचा कमाल चढ 50 मीटरला 1 मीटर एवढाच आहे. एवढा उतार तर न्हाणीघराच्या फरशीलाही देतात.

हा चढ डोळ्यांना दिसत नाही, तो फक्त मांड्यांना कळतो. खरा घाट माणसाची लाज राखतो. तिथे सायकल ढकलणाऱ्याकडे लोक सहानुभूतीने पाहतात. इथे मात्र परातीसारख्या सपाट दिसणाऱ्या वाटेवर धापा टाकणारा माणूस आजारी तरी वाटतो, नाहीतर आळशी.

चॅटो क्रीक सोडल्यावर टायगर हिल लागते. रेल्वेने तिच्यावर थेट चाल न करता लांबलचक वळसा घेतला, त्यामुळे चढ सौम्य झाला, पण संपेना. वाघ म्हटले तरी खातो, वाघोबा म्हटले तरी खातो, हे मला ठाऊक होते; इतके सावकाश चावून खातो, हे नव्हते. अखेर मी उतरलो, मागचे चाक उचलले आणि मोठ्या गांभीर्याने फिरवून पाहिले. ते टिकटिक करीत, कुठेही न अडखळता, कितीतरी वेळ निर्दोषपणे फिरत राहिले.

"काय झालं रे?"

"ब्रेक घासतोय बहुतेक."

"चाक उत्तम आहे. स्वार तपासून घे."

(सीटविषयी सभ्य लेखात लिहिण्याजोगे माझ्यापाशी काही नाही.)

दुसऱ्या दिवशी लॉडरच्या पुढे पूलबर्नच्या घळीतले बोगदे आले. आत दिवे नसल्यामुळे तिथे भलेभले सायकलवीरही खाली उतरून, विजेरीच्या उजेडात सायकल हाताने ढकलत चालले होते. दोन दिवसांत प्रथमच मी सर्वांच्या बरोबरीने, ताठ मानेने चालत होतो. पलीकडच्या तोंडाचा उजेड दिसू लागला, तेव्हा इतरांची पावले झपझप पडू लागली आणि माझी फारच मंदावली.