हातासरशी

'घर पाहावं बांधून' असं ज्यानं म्हणून ठेवलंय, त्यानं जुनं घर दुरुस्त करायला कधी घेतलेलं नसावं. बांधणं त्या मानानं सोपं. मोकळ्या जागेला इतिहास नसतो आणि तिला नातेवाईकही नसतात. आमच्या घराला दोन्ही भरपूर होते.

गावाकडचं वडिलोपार्जित घर, पंधरा वर्षं कुलूपबंद. बेत साधा होता. चार फुटकी कौलं बदलायची, भिंतीचे पोपडे खरवडून रंग मारायचा आणि बागेतलं गवत काढायचं. चार दिवसांचं काम. घरची माणसं आहेत, मित्रमंडळी येतील, कामाचं काम आणि सहलीची सहल. ही कल्पना माझीच होती. साक्षीदार बरेच असल्यामुळे मला आता ते नाकारता येत नाही.

घात केला तो एका शब्दानं : हातासरशी. पोपडे काढतोच आहोत, तर हातासरशी पोकळ झालेला गिलावाही उतरवू. शिडी लावलीच आहे, तर हातासरशी वासेही बघून घेऊ. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परिस्थिती अशी होती की भिंतींवर गिलावा नव्हता, अर्ध्या छपरावर कौलं नव्हती आणि बारा माणसं एका कोरड्या कोपऱ्यासाठी एकमेकांकडे संशयानं बघत होती.

वासे बघायला चढला तो माझा मित्र. तो दंतवैद्य आहे. हातोड्याच्या दांड्यानं प्रत्येक वाशावर तो टकटक करायचा, कान लावायचा आणि खाली आमच्याकडे न बघता म्हणायचा, "कीड आहे." वरून नुसती रंगाची पापुद्र्याएवढी कातडी शाबूत, आत वाळवीनं सगळं पोखरलेलं. भिंतीवरून मातीची बोटभर रुंद नळी थेट जमिनीपर्यंत गेली होती. वाळवीचा येण्याजाण्याचा रस्ता तो. तिला ओल लागते, म्हणून ती मातीशी संबंध तोडत नाही. गावाशी इतका नियमित संबंध आमच्या घरातल्या कुणीच ठेवला नव्हता.

"किती काढावे लागतील?" मी खालून विचारलं.

"दुखतंय का तुला?" तो सवयीनं म्हणाला. नंतर सावरून, "सात. पण शेजारचे दोनही हलतायत."

खरं रामायण घडलं ते गिलाव्यावर. मूळ भिंती दगड-मातीच्या, वर चुन्याचा गिलावा. कधीतरी ओल दिसली म्हणून काकांनी त्यावर बाहेरून-आतून सिमेंट थापलं होतं. आता ते सिमेंट आम्ही छिन्नीनं फोडत होतो आणि काका खुर्ची टाकून समोर बसले होते. एकेक ढलपा निघायला दहा-दहा मिनिटं लागत होती आणि येताना दगडाचा टवकाही घेऊन येत होता. प्रत्येक वेळी काकांचा चेहरा उजळायचा. "बघ, किती पक्कं काम होतं! असं काम आता कोण करतं?"

ओल खरं म्हणजे त्या पक्केपणामुळेच वाढली होती. जमिनीतलं पाणी भिंतीतून वर चढतंच. चुन्यातून ते उडून जातं, सिमेंट त्याला वाट देत नाही. मग ते आतल्या आत आणखी वर चढतं आणि लाकडं गाठतं. हे काकांना सांगायची हिंमत कुणात नव्हती. सांगितलं भाच्यानं. तो नुकताच कॉलेजात जायला लागलाय, त्यामुळे त्याला भीती माहीत नाही.

"सिमेंट काय कालचं आहे का रे?" काका उसळले.

"1824 चं पेटंट आहे, आजोबा. पोर्टलंड सिमेंटचं. चुना त्याच्या आधी हजारो वर्षं आहे. म्हणजे चुन्याच्या मानानं कालचंच."

एवढ्यावर थांबेल तर तो भाचा कसला. इंग्लंडात 1877 साली विल्यम मॉरिस आणि त्यांच्या मित्रांनी जुन्या इमारती वाचवायला एक संस्था काढली, ती मुख्यतः दुरुस्ती करणाऱ्यांपासून वाचवायला, हेही त्यानं ऐकवलं. मोठी दुरुस्ती काढण्यापेक्षा रोज थोडी देखभाल करा, असा त्यांचा आग्रह होता म्हणे. त्यावर पंधरा वर्षांच्या कुलपाकडे कुणीच बघितलं नाही. मीही नाही.

मग चुना आला. चुन्याची कळी पाण्यात सोडली की पाणी खदखदायला लागतं, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि आपल्या पिंपात बघणं वेगळं. डोळ्यांना चष्मे, हातात मोजे आणि तोंडानं "कॅल्शियम ऑक्साइड अधिक पाणी" असा जप करत भाचा एकेक खडा पाण्यात सोडत होता. बाकीचे आम्ही दहा पावलं मागे उभं राहून त्याला धीर देत होतो. चुना जितका मुरेल तितका चांगला, असं मिस्त्रींनी सांगितलं तेव्हा कुणीतरी विचारलं, "म्हणजे संध्याकाळपर्यंत?" मिस्त्री हसले नाहीत. ते नुसते निघून गेले आणि काही आठवड्यांनी उगवले.

गिलावा लावून झाल्यावरही सुटका नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत हळूहळू पुन्हा दगड होतो, आणि ते होईपर्यंत त्याला वाळू द्यायचं नाही. ओली गोणपाटं टांगायची, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. जे मित्र भिंत फोडायला धावत आले होते, त्यांना शिंपडण्याच्या पाळ्या लावल्यावर एकेकाच्या घरी अचानक महत्त्वाची कामं निघाली.

बागेकडे वळतो, पण फार वेळ नाही. तो विषय घरात अजून निघत नाही. आत्यांना त्यांच्या आईनं लावलेला गुलाब वाचवायचा होता. छाटणीची जबाबदारी एका मित्रानं घेतली. त्यानं वाळका, गाठाळलेला बुंधा मुळापासून कापला आणि बुडातून आलेले सरळसोट, हिरवेगार फुटवे जपले. आत्यांनी त्याचं कौतुकही केलं. पुढच्या मोसमात त्या फुटव्यांना पाच पाकळ्यांची बारकी रानटी फुलं आली. गुलाब कलमी होता. जपला तो खालचा खुंट आणि कापलं ते कलम. त्या मित्रानं इतक्या निष्ठेनं पाणी घातलं होतं की त्याला रागावताही येईना.

आता दार. पुढच्या दाराच्या चौकटीवर, गिलावा निघाल्यावर, एक लाकडी पाचर सापडली आणि तिच्याशेजारी पेन्सिलीनं लिहिलेली ओळ : 'पाचर तात्पुरती. पाऊस गेल्यावर बदलणे.' अक्षर आजोबांचं. काकांनी ते लगेच ओळखलं आणि पहिल्यांदाच खुर्चीतून उठले. कुठला पाऊस, ते आजोबांनी लिहिलं नव्हतं. आम्ही सगळे ती ओळ वाचत उभे असताना मेव्हण्यांनी हातासरशी पाचर काढली.

चौकट दोन बोटं खाली आली. त्या पाचरीवर नक्की काय काय उभं होतं, ते नंतर टेकू लावताना समजलं. दार मात्र जे अडकलं ते अडकलंच. तेव्हा ऐन पावसाळा. मेव्हण्यांना अपराधी वाटत असावं, कारण त्यांनी रंधा कुणालाच दिला नाही. दोन दिवस ते दार रंधत होते. लावायचं, अडकायचं, पुन्हा उतरवायचं. शेवटी दार असं बसलं की बंद करताना आवाजही येईना. मेव्हण्यांनी ते उघडझाप करून सगळ्यांना दोनदोनदा दाखवलं. मिस्त्रींनाही दाखवलं. मिस्त्री म्हणाले, "लाकूड फुगलंय आत्ता." आम्हाला वाटलं, ते उगाच खोट काढतायत.

उन्हाळ्यात गेलो तेव्हा कुलूप जसंच्या तसं होतं. दार आणि चौकट यांच्यामध्ये हाताचा पंजा आरपार जाईल एवढी फट होती आणि आत, चुन्याच्या थंडगार भिंतीला टेकून, एक मांजर तीन पिल्लांसह झोपलं होतं. त्यानं एक डोळा उघडून आम्हाला बघितलं, मेव्हण्यांकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि पुन्हा मिटला.

मेव्हणे काही बोलले नाहीत. भिंतीवरून उतरवलेलं एक गोणपाट त्यांनी घडी करून फटीत कोंबलं, पिल्लांना जायला-यायला खाली थोडी जागा ठेवली आणि दोन पावलं मागे येऊन पाहिलं.

"तात्पुरतं," ते म्हणाले.

काकांनी खिशातून पेन्सिल काढून त्यांच्या हातात दिली.